गोदामातला वैशाख



पत्रिकेत विषय छापलाय ‘आयात वाईनची विक्री आणि आपले कायदे’. आयोजक फोनवर म्हणाले, ताई, कर आणि परवाने यांवर बोला, लोकांना उत्सुकता आहे. बोलेन. पण मी घरून एकच गोष्ट घेऊन निघाले आहे, ती आधी सांगते. वाईन हा नाशवंत माल आहे. अठ्ठावीस वर्षं मी बाहेरची वाईन मुंबईत उतरवते आणि विकते. आपली सगळी व्यवस्था हे एक वाक्य विसरून उभी आहे, असं माझं ठाम मत झालंय.

(मागून आवाज : “ताई, नमुना आणलाय का?” हशा.)

नाही आणला हो. आणला असता तरी या वैशाखात इथवर येताना त्याचं काय झालं असतं, तेच तर सांगायला आले आहे.

१९४९ चा दारूबंदी कायदा, पिणाऱ्याचं परमिट, दुकानाचं एफएल-टू आणि परमिट रूमचं एफएल-थ्री यांतला फरक, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाशकात येऊन मी ते शिकवणार नाही. एवढंच ध्यानात घ्या की बाटलीला दोन धनी आहेत. घटनेच्या सातव्या अनुसूचीत आयात आणि सीमाशुल्क केंद्राच्या यादीत आहे. दारूचा ताबा, वाहतूक, खरेदी-विक्री राज्याच्या यादीत. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की ‘आयात’ या शब्दात ताबा आणि विक्री येत नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. पण एका धन्यानं सोडलं आणि दुसऱ्यानं अजून घेतलं नाही, तेवढ्या दिवसांत बाटली कुठे असते? गोदामात असते. भिवंडीच्या, उरणच्या, पत्र्याच्या गोदामात.

इथे द्राक्ष बागायतदार किती आहेत? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! तुमचा माल आणि माझा माल न्हावा-शेवाला एकाच यार्डात उभा असतो. तुमचा नेदरलँड्सला निघालेला, माझा तिकडून आलेला. तुम्ही घड तोडल्यावर किती तासांत प्री-कूलिंगला नेता? पेटीत सल्फरचं पॅड घालता, रीफर शून्य अंशावर लावता, आणि कंटेनरचा प्लग तासभर निघाला तरी तुमचा जीव टांगणीला लागतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा उभ्या कंटेनरचा एकेक दिवस काय असतो, ते तुम्ही सोसलंय. मग त्याच द्राक्षाचा रस आंबवून बाटलीत भरला की तो लोखंड होतो का?

कायदा म्हणतो, होतो. खाद्यपदार्थांच्या लेबलच्या नियमांत १० टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांवर ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ छापावं लागत नाही. व्हिस्कीला हे शोभतं. चाळीस टक्क्यांच्या वरची ती, उन्हाळा काढते. वाईन बारा-चौदा टक्क्यांची. तिला बारा ते पंधरा अंशांची सावली हवी. तिशी ओलांडून ती तशीच राहिली, की आतला रस फुगतो, बूच वर ढकलतो, हवा आत शिरते आणि फळाचा वास जाऊन शिजवलेल्या मुरंब्याचा वास येतो. माझ्या इतक्या वर्षांत लेबलवरच्या अक्षराची उंची मोजणारे अधिकारी भेटले, पण गोदामाचं तापमान एकानंही विचारलं नाही.

आता एक प्रसंग दोन मिनिटांत सांगते.

मे महिना होता. फ्रान्सच्या बर्गंडी भागातली, एका छोट्या कुटुंबाची वाईन, पिनो न्वार. पातळ सालीचं द्राक्ष, वाईनही नाजूक. रीफर वेळेवर आला. आयातदाराच्या नावाचं स्टिकर बाँडमध्ये, म्हणजे शुल्क भरेपर्यंत माल ठेवायच्या गोदामात, चिकटवायचं असतं. आमच्या स्टिकरवरचा पिनकोड परवान्यावरच्या पिनकोडशी जुळेना. इमारत तीच, गल्ली तीच, एक आकडा वेगळा. पत्र लिहा, उत्तराची वाट बघा. रीफर उभा ठेवायचं भाडं रोजचं, शिवाय विजेचं वेगळं. चौथ्या दिवशी आम्ही माल साध्या बाँडमध्ये उतरवला. तेवीस दिवस तो तिथे होता. मी रोज जायचे. दारातूनच आत बघायचे, कारण सील होतं. पत्र्याला बाहेरून हात लावला की चटका बसायचा. गोदामाचा रखवालदार म्हातारा होता, गावाकडे त्याचा भाजीचा मळा होता. त्यानं मला एका दुपारी विचारलं, “बाई, आत कोथिंबीर असती तर त्यांनी तेवीस दिवस ठेवली असती का?” त्यानं वाईन कधी चाखली नव्हती.

सील उघडलं तेव्हा खोके चिकट झाले होते. कितीतरी बाटल्यांची बुचं दोन-दोन मिलिमीटर वर आलेली, लेबलवरून लाल ओघळ. आणि प्रयोगशाळेचा अहवाल? उत्तीर्ण! अल्कोहोल बरोबर, मिथेनॉल मर्यादेत. शिजलेली वाईन विषारी नसते, ती फक्त मेलेली असते. आणि अहवालात त्यासाठी रकाना नाही. तो खराब माल ओतून टाकायलासुद्धा दोन्ही खात्यांची परवानगी, पंच...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

सात मिनिटं राहिली म्हणतात. म्हणजे करांचं घाईनं सांगावं लागणार.

(श्रोत्यांतून एक गृहस्थ : “बाहेरची वाईन स्वस्त झाली तर आमच्या बागांचं काय? तुम्ही कोणाची बाजू मांडताय?”)

बरं झालं विचारलंत. मी शुल्क कमी करा म्हणायला आलेले नाही. १०० रुपयांची बाटली धक्क्यावर २५० ची होते, त्यावर राज्याचे कर वेगळे, आणि जीएसटीत दारू नाही. जागतिक व्यापार संघटनेत तक्रारी गेल्या तेव्हा २००७ मध्ये केंद्रानं अतिरिक्त शुल्क काढलं आणि मूळ शुल्क १०० वरून १५० टक्के केलं. २९ डिसेंबर २०२२ ला ऑस्ट्रेलियाच्या ५ डॉलरच्या वरच्या बाटलीला १५० चं १०० झालं, १५ डॉलरच्या वर ७५. या शुल्काच्या भिंतीची उंची किती ठेवायची ते सरकार आणि तुम्ही ठरवा. पण दादा, तुमची नाशिकची वाईन राज्याची सीमा ओलांडून कर्नाटकात गेली की उत्पादन शुल्काच्या भाषेत तीही ‘आयात’च होते. तिलाही परमिट लागतं, लेबलची नोंदणी लागते, वाट बघावी लागते. व्हिस्कीचं लेबल वर्षानुवर्षं तेच. वाईनवरचं साल दर हंगामाला बदलतं. ऊन तिचा पासपोर्ट बघत नाही. मी तुमच्याच मालाची बाजू मांडते आहे.

(टाळ्या.)

माझी मागणी छोटी आहे. घाऊक परवान्यात थंड गोदामाची अट घाला आणि तापमानाची नोंद तपासा. लेबलच्या दुरुस्त होण्यासारख्या चुकीसाठी माल अडवायचा तर दिवसांची मर्यादा ठेवा, जशी तुमच्या भाजीपाल्याच्या गाडीसाठी कोणीही शहाणा माणूस ठेवेल.

घंटा झाली. एक राहिलंच, ते सांगून बसते. त्या मालातल्या ज्या पेट्यांची बुचं जागेवर होती, त्या आम्ही विकल्या. तो निर्णय माझा होता आणि तो चूक होता. दादरच्या एका जोडप्यानं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यातली एक बाटली घेतली होती. आयुष्यातली पहिली. पंधरा दिवसांनी काका दुकानात आले, तक्रार करायला नाही. म्हणाले, “आम्हाला काही ती आवडली नाही. आम्हालाच वाईन कळत नसणार.” मी खरं काय ते सांगितलं, पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. दुसरी बाटली दिली, तीही हसून परत ठेवली, आणि त्यानंतर ते कधी आले नाहीत.