हा अधिकार कोणत्या कलमाने?

मित्रहो, सुरतेत कर, हिशेब आणि कायदा या व्यवसायांत असलेल्या मराठी मंडळींच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. सरकारी खाती, मंडळे आणि नियामक संस्था जे नियम नि अधिसूचना काढतात, त्यांना न्यायालयाने कुठवर आवर घालावा? यावर दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये पुष्कळ बोलले जाते. पण या प्रश्नाची फार चांगली कसोटी आपल्या शहरातल्या विव्हिंगच्या धंद्यातूनच उभी राहिली आहे.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. त्या महिन्यात कापडबाजार बंद राहिला आणि व्यापारी रस्त्यावर उतरले, हे सर्वांना आठवते. विव्हरांची अडचण मात्र वहीतल्या आकड्यांत दडलेली होती. मानवनिर्मित यार्नवर आधी 18 टक्के आणि त्या ऑक्टोबरपासून 12 टक्के कर, तर त्यातून विणलेल्या ग्रे कापडावर फक्त 5 टक्के. यार्न घेताना भरलेला कर कापडावरच्या करातून पुरता वळता होत नाही आणि क्रेडिट साचत जाते. बहुतेक मालाच्या बाबतीत असे साचलेले क्रेडिट रिफंड म्हणून मागता येते. कापडाला मात्र जून 2017 च्या अधिसूचनेने ते नाकारले होते. जुलै 2018 मध्ये जीएसटी कौन्सिलने हा नकार मागे घेण्याचे ठरवले, आणि 26 जुलैच्या अधिसूचनेने 1 ऑगस्टपासून रिफंडची वाट मोकळी झाली. त्याच अधिसूचनेत एक अटही होती. 31 जुलैपर्यंत आलेल्या मालावरचे जे क्रेडिट त्या महिन्याचा कर भरूनही शिल्लक राहील, ते लॅप्स होईल. ज्याचा धंदा उधारीच्या यार्नवर चालतो, त्याचे खेळते भांडवल या एका वाक्याने पुसले जात होते.

सुरतेतल्या शबनम पेट्रोफिल्सच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये ही अट रद्द ठरवली. त्या निकालाची मांडणी आपण सर्वांनी शांतपणे वाचावी अशी आहे. न्यायालयाने धोरण चांगले की वाईट, महसूल किती बुडेल, कापडधंद्याला किती सवलत द्यावी, यांत डोके घातले नाही. त्याने कायदा उघडला. सीजीएसटी कायद्याचे कलम 54(3) सरकारला एवढेच सांगते की कोणत्या मालाला रिफंड द्यायचा नाही, हे तुम्ही अधिसूचनेने ठरवू शकता. रिफंड नाकारला तरी क्रेडिट खात्यात राहते आणि पुढच्या करासाठी वापरता येते. ते क्रेडिटच नाहीसे करण्याचा अधिकार या कलमात कुठेही नाही. असा प्रसंग एक्साईजच्या काळातही आला होता. 1999 मध्ये आयशर मोटर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मॉडव्हॅट क्रेडिट लॅप्स करणारा नियम मोडीत काढला, आणि त्यानंतर संसदेने एक्साईज कायद्यात दुरुस्ती करून तसा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. जीएसटीच्या कायद्यात संसदेने तो दिलेला नाही. संसदेने न दिलेले अधिसूचनेने घेता येत नाही, इतका हा साधा आणि पक्का मुद्दा आहे. राज्यघटनेच्या 265 व्या अनुच्छेदाचे म्हणणेही हेच आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कर लादता किंवा वसूल करता येणार नाही.

माझे म्हणणे या निकालाच्या आधाराने मांडतो. नियामकाला अधिकार आहे का, हा प्रश्न न्यायालयाचा. असलेला अधिकार शहाणपणाने वापरला का, हा प्रश्न मुख्यतः नियामकाचा, कौन्सिलचा, संसदेचा. पहिल्या प्रश्नावर न्यायालयाने जराही ढिलाई दाखवू नये आणि दुसऱ्यावर हात राखून असावे. हा दुसरा भाग आपल्या अशिलांना आवडत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. व्हीकेसी फुटस्टेप्सच्या खटल्यात आपल्याच उच्च न्यायालयाने 2020 मध्ये रिफंडच्या सूत्रातून सेवांवरचे क्रेडिट वगळणारा नियम रद्द केला होता. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. सूत्रात विसंगती आहेत हे त्याने मान्य केले, पण त्या दुरुस्त करण्याचे काम कौन्सिलकडे सोपवले. आणि जुलै 2022 मध्ये ते सूत्र खरोखरच बदलले गेले. आपल्यापैकी अनेकांना हा निकाल कडू लागला. मला तो योग्य वाटतो, कारण नियम करण्याचा अधिकार तिथे कायद्यात होता; वाद होता तो त्या अधिकाराच्या वापराबद्दल.

यावर पहिला आक्षेप असा येतो की अर्थव्यवस्था गुंतागुंतीची आहे, संसद प्रत्येक टक्का ठरवू शकत नाही, तज्ज्ञांच्या हाती मोकळीक हवी. मोकळीक हवीच. पण तज्ज्ञाचे ज्ञान आणि तज्ज्ञाचा अधिकार यांत अंतर आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने थकित कर्जांबद्दल परिपत्रक काढले. बँकिंगचे तिच्याइतके ज्ञान न्यायाधीशांना नाही हे उघड आहे. तरीही एप्रिल 2019 मध्ये ते परिपत्रक पडले, कारण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत प्रकरण पाठवण्यासाठी कायद्याने घातलेली केंद्र सरकारच्या परवानगीची पायरी त्यात ओलांडलेली होती. अमेरिकेत 1984 च्या शेव्हरॉन निकालापासून चाळीस वर्षे असा संकेत होता की कायदा संदिग्ध असेल तर संस्थेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा. मासेमारी करणाऱ्यांनी बोटीवरच्या सरकारी निरीक्षकांचा खर्च सोसावा का, या वादात जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो संकेत मोडला. त्याचे तिकडे काय परिणाम होतील याची चिंता मलाही वाटते, कारण पर्यावरण आणि औषधे यांची नियमावली तिथे त्या संकेतावर बरीच विसंबून होती.

ती चिंता सुरतेलाही परकी नाही. हा दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगार मेले. ज्या शहरात हे घडते, तिथे नियामकाचे हात बांधा असे कोणी कसे म्हणेल? मी तसे म्हणतच नाही. तोच ‘अधिकार कुठे आहे’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर उत्तर कधी नियामकाच्या बाजूनेही येते. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जल कायद्याचे कलम 33ए आणि वायू कायद्याचे कलम 31ए यांखाली मंडळांना प्रदूषण करणाऱ्याकडून भरपाई घेता येते. उच्च न्यायालयाने नाकारलेला अधिकार त्याने मंडळांना परत दिला. मात्र आधी रीतसर नियम करा, मगच वसुली करा, अशीही अट घातली. कायद्याच्या आधाराने दिलेला आदेश अपिलात टिकतो. निराधार आदेश वर्षानुवर्षे स्थगितीत पडून राहतो, आणि त्या काळात नाला तसाच वाहतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त सतावतो. अधिसूचनेच्या वैधतेला आव्हान द्यायचे तर वकील करून अहमदाबादला उच्च न्यायालयात जावे लागते. उधना-लिंबायतच्या गल्लीत, खानदेशातून आलेल्या कारागिरांच्या बळावर थोडे लूम चालवणाऱ्याला ते परवडत नाही. मग हा सगळा आवर फक्त मोठ्यांच्या उपयोगाचा ठरतो का? एका याचिकेच्या निकालाचा लाभ इतरांना मिळतो, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मानवनिर्मित यार्नचा दर 5 टक्क्यांवर आला आणि उलट्या दरांची ही कटकट बरीचशी मिटली. पण त्यासाठी आठ वर्षे गेली आणि मधल्या काळात किती लूम भंगारात निघाले, हे इथल्या प्रत्येक हिशेबनिसाला ठाऊक आहे.

म्हणून आवर न्यायालयाच्या आधीच बसायला हवा. सीजीएसटी कायद्याच्या कलम 166 प्रमाणे प्रत्येक नियम आणि अधिसूचना संसदेपुढे तीस दिवस ठेवावी लागते, पण तिथे त्यांवर चर्चा क्वचितच होते. दोन्ही सभागृहांत दुय्यम विधानांची तपासणी करणाऱ्या समित्या आहेत आणि आपल्या व्यवसायातून त्यांच्याकडे निवेदने जायला हवीत. ज्या अधिसूचनेने कोणाचा साचलेला हक्क जातो, तिचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात, अशी मागणी या परिषदेने करावी. 2018 ची ती अट आधी मसुदा म्हणून समोर आली असती, तर कलम 54(3) कडे बोट दाखवायला सुरतेतला एखादा सामान्य कर सल्लागारही पुरेसा होता. असा ठराव आज दुपारच्या सत्रात मांडावा, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. त्याचा मसुदा गुजरातीतही करावा, म्हणजे विव्हरांच्या संघटनांना त्यावर सही करता येईल.