अंत्यविधीची पूर्वतयारी



घरांत शव असतांना पेटी, फुलें व भोजन ह्यांचा खर्च ठरविण्याची पाळी शोकाकुल विधवेवर येते, आणि लोकलज्जेस्तव कर्ज होतें. मृताच्या आत्म्यास त्याचा काय लाभ? त्यास मिस्सा व प्रार्थना हव्यात.

म्हणून आपण प्रत्येकानें जिवंतपणींच कागदावर लिहून ठेवावें: पेटी साधी, फुलें थोडीं, भोजन नको.

दहनाची इच्छा असल्यास तीहि लिहावी. ख्रिस्तसभेस दफनच अधिक प्रिय. तथापि पुनरुत्थानावरील श्रद्धेस बाध येत नसेल तर दहनास १९६३ पासून मनाई नाहीं. मात्र रक्षा विखुरूं नये, पवित्र स्थळीं ठेवावी, असा २०१६ सालचा रोमचा आदेश आहे.

तो कागद घरच्यांस आजच दाखवूं या. मागें राहणाऱ्यांवरील ती आपली शेवटची माया होय.