आमटीची कढई

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



भाषा, नाट्य आणि गणेशोत्सव यांवर आज पुष्कळ वक्ते बोलले. आम्ही आपणांपुढे उभे आहोत ते आमटी घेऊन. विषय कोणास क्षुद्र वाटेल. परंतु बंगालमध्ये वाढलेल्या मराठी मुलाच्या जिभेवरून आधी शब्द जातो की आधी चव, हा प्रश्न आम्हांला क्षुद्र वाटत नाही.

आमटीचे मर्म गोड्या मसाल्यात, आणि मसाल्याचे मर्म भाजण्यात. धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, दगडफूल, हिंग ही यादी कोणीही उतरवून घेईल. प्रत्येक जिन्नस निराळा का भाजावयाचा, हे मात्र कढईपाशी उभे राहिल्याखेरीज उमगत नाही. तीळ तडतडू लागताच उतरवावे लागतात. धन्यांना मंद आच आणि सबुरी लागते. खोबरे बदामी होण्याच्या किंचित आधीच ताटात काढावे, कारण तापलेली कढई विस्तव बंद केल्यावरही आपले काम चालूच ठेवते. सगळे एकदम टाकले तर तीळ करपतात आणि धने कच्चे राहतात. दगडफूल तर फूलच नव्हे. शेवाळ आणि बुरशी यांच्या सहजीवनातून खडकांवर व झाडांच्या सालींवर धरणारी ती एक करडी खपली. कोरडी हुंगली तर मातकट. पण थेंबभर तेलात परतली की साऱ्या घराला वर्दी देते.

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याची मापे दिली आणि माहेरापासून दूर संसार थाटणाऱ्या मुलींवर मोठे उपकार केले. तरीही 'खमंग' कोणत्या वाटीने मोजावे?

येथे काही जण म्हणतील की परमुलखात अस्सल जिन्नसच कोठे मिळतात? आम्हांला ही सबब मान्य नाही. आंबेमोहोराच्या जागी आमच्या घरांनी गोविंदभोग तांदूळ पत्करला. दाणा तसाच लहान, सुवास तसाच जिवाला निवविणारा. त्याचा गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि तूप, हे तापातून उठलेल्या मुलाचे पहिले जेवण आजही आमच्याकडे आहे. तूरडाळ येथे 'अडहर' म्हणून मागितली की मिळते. आमसुले संपली तर चिंच आहेच. हिवाळ्यातला खजुरी गूळ मात्र पुरणात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो पायसात राजा. पण पुरणात वेलची-जायफळाला डोके वर काढू देत नाही. येथली दमट हवाही लक्षात ठेवावी लागते. मसाला पुरता निवल्याशिवाय बरणीत भरला, तर आषाढात त्याचे ढेकूळ होते.

तयार पुडीला आम्ही नावे ठेवीत नाही. रात्री आठला कामावरून परतणाऱ्या गृहिणीला ती आधारच आहे. आमची चिंता निराळी आहे. पुडीत मसाला असतो, पण तो कसा झाला याचे ज्ञान नसते. ते ज्ञान आज आपल्या मंडळातील काही वृद्ध स्त्रियांच्या हातांत आहे, आणि त्या हातांनी ते कोठे लिहून ठेवलेले नाही. वार्षिक सहभोजनाची आमटी आता आचारी करतो. ती चांगली असते. तीत कोणाच्या घरची ओळख मात्र नसते.

म्हणून आमची कार्यकारिणीला विनंती आहे की येत्या चैत्रात एक रविवार मंडळाचे स्वयंपाकघर मसाल्यासाठी द्यावे. मुलींबरोबर मुलांनाही आणावे, आणि त्यांना पाहुणे म्हणून बसवू नये; हाती उलथणे द्यावे. आज्यांनी खुर्चीवर बसून नुसते सांगावे, विस्तवाजवळ तरुणांनी राहावे. खोबरे ज्याने त्याने घरून किसून आणावे. दगडफूल निवडून आणावे, त्यात काड्या फार असतात. हिंग आम्ही आणू.