कुर्दांच्या घरातली भाषा

कुर्द म्हटले की आपल्याला डोंगर नि बंदुका आठवतात. आम्हांला एक रेडिओ आठवतो. 1955 पासून आर्मेनियातील येरेवान केंद्र कुर्दी गाणी लावी. सरहद्दीपलीकडे तुर्कस्तानात ती भाषा दडपलेली. खेड्यातली माणसे एका घरी जमून, आवाज बारीक करून ऐकत. बहुधा प्रेमाची नि वियोगाचीच गाणी! 1983 साली तर तिथे कायदाच झाला, की नागरिकांची मातृभाषा तुर्की. (आईची भाषा सरकार ठरवते, हे आम्हांला नवलच.) तो 1991 साली रद्द झाला. पण 1980 च्या लष्करी उठावानंतर दियारबाकिरच्या तुरुंगात मुलांना भेटायला आलेल्या आयांनाही कुर्दी बोलण्यास मनाई होती. कित्येकींना तुर्की येतच नव्हते. त्या वेळ संपेपर्यंत मुलाकडे नुसत्या पाहत राहत.