डिसेंबर १९७१



डिसेंबर १९७१ म्हटले की आपणांस युद्धच आठवते, आणि ते साहजिक आहे. १६ तारखेस ढाक्याच्या रमना मैदानावर लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल अरोरा यांच्यापुढे शरणागतीपत्रावर स्वाक्षरी केली. सुमारे ९३,००० जण युद्धबंदी झाले, बांगलादेश मुक्त झाला. तत्पूर्वी सुमारे एक कोटी निर्वासित भारताच्या आश्रयास आले होते. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युद्धबंदीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत केला. ही एकजूट मार्चपासून कोठे होती, हा प्रश्न मला आजही पडतो. ९ तारखेस दीवनजीकच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली; कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही.

त्याच महिन्याच्या २ तारखेस संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली. त्याच दिवशी सोव्हिएत रशियाचे ‘मार्स ३’ मंगळावर अलगद उतरले, आणि काही सेकंदांतच मुके झाले! २८ तारखेस संस्थानिकांचे तनखे संपले.

या गदारोळात ३० डिसेंबरची वार्ता मात्र काहीशी झाकोळली. अहमदाबादच्या जैन कुटुंबात जन्मलेले डॉ. विक्रम साराभाई कोवळम येथे निवर्तले. वय अवघे ५२. उपग्रहाद्वारे खेड्यांत शिक्षण नेण्याचे त्यांचे स्वप्न ऑगस्ट १९७५ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत प्रत्यक्ष दूरचित्रवाणीवर दिसू लागले.