उपचार आणि वर्गातील बैठक
(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरात दिलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव आपणास काहीसे इस्पितळी वाटेल. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार या दोन विद्यांतील संशोधनाशी खेड्यातील शिक्षकाचा संबंध काय, असा प्रश्न कित्येकांच्या मनात उभा राहिला असेल. संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे.

भौतिकोपचारज्ञ मुलाचे स्नायू, सांधे व चालणे यांकडे लक्ष पुरवितो. व्यवसायोपचारज्ञ हे मूल जेवते कसे, सदऱ्याची गुंडी लावते कसे, पाटीवर लिहिते कसे, हे पाहतो. येथे 'व्यवसाय' म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. मुलाचे रोजचे काम आणि खेळ हाच त्याचा व्यवसाय. ही दुसरी विद्या आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय बव्हंशी कमलाबाई निंबकर यांचे. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची भारतातील पहिली शाळा सुरू केली. फलटण येथे त्यांच्या नावाची मुलांची शाळा आहे, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जन्मापूर्वी, जन्मताना अथवा अगदी बालवयात मेंदूला इजा झाली म्हणजे काही मुलांच्या हालचालींवरील ताबा बिघडतो. यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हा विकार संसर्गाने होत नाही, आणि मेंदूतील मूळ इजा वाढतही जात नाही. अशा मुलाची जीभ अडखळते, हात वेडावाकडा वळतो, म्हणून त्याची बुद्धीही मंद असावी, अशी समजूत सर्रास आढळते. ती घातक आहे. तिच्यापायी पुष्कळ मुले हजेरीपटावर नावापुरती राहतात आणि प्रत्यक्षात घरी ओसरीवर बसून असतात.

कॅनडातील व्यवसायोपचारज्ञ मेरी लॉ व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा वर्षांच्या आतील अशी १२८ मुले घेऊन त्यांचे दोन गट पाडले. पहिल्या गटात उपचारज्ञांनी मुलाच्या शरीरातील उणीव दूर करण्याचा यत्न केला. दुसऱ्या गटात त्यांनी मुलाला बदलण्याच्या भरीस न पडता काम आणि परिसर बदलला: वस्तू निराळी दिली, जागा निराळी केली, करण्याची रीत सोपी केली. सहा महिन्यांनी पाहिले, तो दोन्ही गटांची प्रगती सारखीच! मुले आपल्या विद्यार्थ्यांहून लहान होती, हे खरे. तरीही यातील बोध मला फार मोलाचा वाटतो. मुलाचे शरीर सुधारेल तेव्हा त्याला शिकवू, असे म्हणत थांबण्याचे कारण उरत नाही.

ऑस्ट्रेलियातील आयोना नोवाक व सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४ प्रकारच्या उपायांवरील संशोधन एकत्र तपासले. जे उपाय खात्रीचे ठरले त्यांत, मुलाने स्वतः निवडलेले काम, स्वतःच्या हातांनी, प्रत्यक्ष ठिकाणी वारंवार करणे, यास मोठे स्थान आहे. दुसऱ्याने मुलाचे हातपाय हलवून द्यावेत आणि मुलाने निमूटपणे पडून राहावे, याने कौशल्य वाढत नाही. अर्थात डॉक्टरांनी दिलेले बूट वा पट्टे फेकून द्यावेत, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. सांधे आखडू नयेत म्हणून ते आवश्यक असतात.

मग वर्गात काय करावे? प्रथम बैठक पाहावी. आपल्या शाळांत मुले सतरंजीवर मांडी घालून बसतात. पाय ताठर असलेल्या मुलास मांडी जमत नाही. पाय पसरून बसविले तर मांडीमागचे आखडलेले स्नायू कंबर मागे ओढतात, पाठीला पोक येतो, आणि सारी शक्ती तोल सावरण्यातच खर्च होते. लिहिणार कशाने? त्यास बसके बाकडे द्यावे; तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे काटकोनात असावेत व लिहिण्याची फळी कोपराच्या उंचीला यावी. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट सरकवावा. पाटी घसरते ना? तिच्याखाली ओले फडके घालावे. पेन्सिलीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला म्हणजे पकड जाड होते. यास अनुदान लागत नाही, आणि कोणाची मंजुरीही लागत नाही.

कायद्याचीही जोड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमान्वये ज्या बालकाचे अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक प्रमाणित झाले आहे, त्यास ६ ते १८ वर्षे वयात जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तसेच २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते व गरजू मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते.

पथकाचा वेळ थोडा असतो. म्हणून ते येण्यापूर्वी आठवडाभर मुलाचे निरीक्षण करून टिपण तयार ठेवावे. त्यात 'हात कमजोर आहे' एवढेच लिहू नये. त्यावरून उपचारज्ञास काही कळत नाही. 'डबा उघडता येत नाही. पाटीवर चार अक्षरांनंतर हात थकतो. मुतारीच्या पायरीवर आधार लागतो,' असे लिहावे. आणि मुलाला स्वतःला कोणते काम यावेसे वाटते, हे त्यालाच विचारून टिपणात सर्वांत वर लिहावे.