वर्गातील चित्र आणि रानकॉफीचे झाड



मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचे लहानसे बेट आहे. ते मॉरिशस देशाचाच भाग होय. तेथे कॉफीच्या कुळातील एक झाड आढळते. स्थानिक लोक त्यास ‘काफे मारों’, म्हणजे रानकॉफी म्हणतात. त्याची फुले शुभ्र, चांदणीच्या आकाराची असतात. जगात अन्यत्र कोठेही ते आपोआप उगवत नाही.

एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. पुढे बेटावरील जंगल तुटले, शेळ्यांनी कोवळी रोपे फस्त केली, आणि ही जात नष्ट झाली असे समजले गेले. १९८० च्या सुमारास तेथील एका शिक्षकाने दुर्मिळ वनस्पतींचे चित्र वर्गात दाखविले. एका विद्यार्थ्याने ते ओळखले व झाडाची डहाळी आणून दिली. ते खरोखरच रानकॉफीचे झाड होते. मात्र बेटावर ते एकच उरले होते.

बातमी पसरताच औषधी म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडू लागले. अखेर भोवती कुंपण घालावे लागले. १९८६ साली काही फांद्या इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पतिउद्यानात पाठविण्यात आल्या; त्यांतील एकीनेच मूळ धरले. तिच्यापासून रोपे झाली, फुलेही आली. परंतु बी धरेना. २००३ साली कार्लोस माग्दालेना यांनी चिकाटीने कृत्रिम परागण करून बी मिळविले. त्यातील काही बी पुन्हा रॉड्रिग्जला पोहोचले.

या झाडाची कोवळी पाने लांब, अरुंद व तपकिरी असतात. वाढलेल्या झाडाची रुंद व हिरवी. म्हणजे एकच चित्र पाहून रोप ओळखता येणार नाही. यासाठी मुलांना झाड रोप असल्यापासून फळ धरेपर्यंत पाहू द्यावे.

प्रत्येक शाळेने गावातील झाडांची एक वही ठेवावी. तीत स्थानिक नाव, संख्या, फुलण्याचा व फळण्याचा महिना ही माहिती मुलांकडून लिहून घ्यावी. जे नाव शिक्षकास ठाऊक नसेल, ते गावातील वृद्धांस व गुराख्यांस विचारावे. नमुन्यासाठी गळलेले पान अथवा फूल पुरेसे आहे. डहाळी मोडू देऊ नये. ज्या झाडाची संख्या एक-दोनच भरेल, त्याचे बी पिकताच ते शाळेच्या वाफ्यात पेरावे.